पुलाक्यासाठी गाणारा माणूस

"तुम्ही माझ्या मातीवर बसलाय."

लानुओलाने मान वळवली. रात्रभर बोटीच्या डेकवर चटईला चटई लावून झोपलेल्या माणसांचं घोरणं ऐकून तिचं डोकं भणभणलं होतं. मांडीवर सेलाऊ आत्याचं राजधानी फुनाफुतीहून दुरुस्त करून आणलेलं शिलाई मशीन होतं. वैतुपू बेटाच्या खडकांबाहेर बोट उभी राहिली, उतारू किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या पडावात उतरले, आणि तिथे जी पहिली मऊ गोणी दिसली तिच्यावर ती टेकली होती.

"कशावर बसलेय?"

"मातीवर. त्या गोणीत माती आहे."

बोलणारा तरुण उंच होता, सावळा होता, आणि अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पडावात उतरायला इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस लानुओलाने आजवर पाहिला नव्हता.

"फुनाफुतीहून वैतुपूला माती?" ती म्हणाली. "मग पुढच्या खेपेला दर्यासाठी थोडं मीठही आणा."

शेजारच्या दोन बायका हसल्या. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, "तुमची माती वाईट नाही हो. खारट होत चाललीय, एवढंच."

ही गोष्ट बेटावर सगळ्यांना माहीत होती, म्हणूनच ती कुणी बोलत नसे. लानुओलाने तोंड फिरवलं — आणि नेमका तेव्हाच पडाव खडकांच्या खिंडीत शिरला. मागून लाट आली. मशीन उजवीकडे कललं, लानुओला डावीकडे, आणि गोणी मधल्यामध्ये निसटली. सावरायच्या गोष्टी तीन होत्या, हात दोन. त्याने गोणी सोडली.

पाणी ओसरलं तेव्हा त्याचा एक हात मशीनवर होता, दुसरा तिच्या कोपरावर. गोणी पडावाच्या तळाशी पाण्यात लोळत होती.

"झाली ना आता तीही खारट?" लानुओला म्हणाली.

"झाली," तो म्हणाला. गोणीकडे त्याने पाहिलंही नाही. कोपरावरचा हात काढायला तो विसरला... की विसरल्यासारखं केलं, हे तिला किनारा लागेपर्यंत ठरवता आलं नाही.

त्याचं नाव किलिफी. शेतकी खात्यातला. वाढलेला फुनाफुतीत, पण मूळ घर नानुमांगा बेटावरचं. शाळेमागच्या उंचवट्यावर सिमेंटचे चार वाफे बांधायचे, तळाशी जाड कापड घालायचं म्हणजे खालून खारं पाणी वर येणार नाही, आणि त्यात पुलाका वाढवून दाखवायचा, एवढं त्याचं काम. पुलाका म्हणजे अळवाचा थोरला भाऊ म्हणावा असा. पान छत्रीएवढं, गड्डा मांडीवर घेतलेल्या बाळाएवढा. वैतुपूच्या माणसाला मासे दर्या देतो, नारळ वारा पाडतो, त्यात त्याची स्वतःची फुशारकी काही नसते. फुशारकी असते ती पुलाक्याची. खोल खड्डा खणायचा, गोड्या पाण्यापर्यंत पोचायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा घालून माती तयार करायची.

कुठला पाला, कधी, कशावर कशाचा थर — हे मात्र विचारायचं नसतं. ती प्रत्येक घराची स्वतःची कृती असते. बाप ती मुलाला सांगतो, तीही शेवटचे दिवस जवळ आल्याची खात्री पटल्यावर. आणि परक्याने विचारलंच, तर खोटं सांगायचं. खोटं सांगण्यात अपमान नाही. गप्प बसण्यात आहे. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

किलिफी घरोघर फिरला. प्रत्येक घराने त्याला चटईवर बसवलं, नीरा पाजली, भाजलेला मासा खाऊ घातला आणि मोठ्या प्रेमाने खोटी कृती सांगितली. एकाने नीरफणसाची पानं पालथी घालायला सांगितली, दुसऱ्याने उताणी. तिसऱ्याने सांगितलं, लावणीच्या दिवशी कुणाशी बोलू नकोस. चौथा म्हणाला, सासऱ्याशी तर मुळीच नको. "मला सासरा नाही," किलिफी म्हणाला. "मग अर्धं काम झालंच तुझं," म्हातारा म्हणाला.

शेवटी तो एलियाच्या घरी आला. एलिया म्हणजे लानुओलाचा बाप. सणाला सभाघरात सगळ्यात मोठा गड्डा कुणाचा, हे विचारायची बेटावर आता पद्धतच राहिली नव्हती; उत्तर ठरलेलं असायचं. एलियाने पाहुण्याकडे पाहिलं, "हौदात पुलाका?" एवढं म्हटलं, आणि जाळं विणण्यात पुन्हा डोकं घातलं. त्याला मुलगा नव्हता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आपली कृती कुणाच्या कानात सांगून मरायचं हा त्याचा जुना घोर होता.

पाहुणचाराची जबाबदारी अर्थातच लानुओलावर आली.

"खरं सांगू?" ती चेहरा शक्य तितका भाबडा करून म्हणाली. "आमच्या घरात पाल्याला महत्त्व नाही."

"मग?"

"गाण्याला आहे. उन्हं कलली की पुलाक्याला एकटं वाटतं. कुणीतरी त्याच्याजवळ उभं राहून गायला हवं."

आतून सेलाऊ आत्याच्या मशीनचा आवाज एकदम थांबला.

"कुठलं गाणं?" किलिफीने विचारलं.

"ते रोपावर आहे. तुम्हालाच ओळखावं लागेल."

त्याने मान डोलावली, आभार मानले आणि निघून गेला. सेलाऊ आत्या दारात आली. "लानु, पापाची भीती बाळग जरा. एवढं खोटं मी माझ्या लग्नातसुद्धा बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना सगळ्या बेटाने ऐकलं. शाळेमागून गाणं येत होतं. किलिफी चौथ्या वाफ्याजवळ हात मागे बांधून उभा होता, आणि चार कोवळ्या रोपांना नाचाचं गाणं ऐकवत होता. वाईट नव्हतं हो. खालचा सूर जरा थरथरायचा, पण वर चढला की आवाज मोकळा व्हायचा. बायका पाणी भरायचं सोडून कुंपणाशी गोळा झाल्या. हसून हसून एकीने दुसरीचा खांदा ओला केला.

लानुओलाही गेली. आपण केलेली चेष्टा कशी वठली हे पाहायला... असं तिने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशीही ती तेच पाहायला गेली. आठवड्याने बाकीच्या बायकांची हौस फिटली, पण तिची चेष्टा पाहायची हौस काही फिटेना.

"आज कसं वाटलं?" गाणं संपलं की तो विचारायचा.

"मला काय विचारता? रोपाला विचारा."

"रोप म्हणालं, ती कुंपणातली बाई रोज उशिरा येते. पहिलं कडवं चुकतं तिचं."

"रोप फार बोलतं मग. पाला कमी पडतोय त्याला."

"पण तुमच्या घरात पाल्याला महत्त्व नाही ना?"

लानुओला गोंधळली. मग पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच काहीतरी सारखं करून म्हणाली, "तुम्ही गाणं चुकीच्या बाजूचं म्हणता. हे बेटाच्या तळ्याकडच्या लोकांचं. आम्ही दर्याकडचे. आमच्या कृतीत आमची गाणी लागतात."

"मला येत नाहीत."

"मग..." ती थांबली. "मग शिकावी लागतील."

"शिकवणार कोण?"

ती उत्तर न देता गेली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर आली, कानात चाफा होता, आणि पहिलं कडवं तिनेच धरलं. केव्हातरी ती त्याला 'तू' म्हणायला लागली. ते कधी, हे दोघांनाही नीट आठवत नाही. बेटाला आठवतं. वैतुपूवर कोण कुणाच्या कुंपणाशी किती वेळ उभं राहिलं याची मोजदाद सहसा चुकत नाही, आणि सेलाऊ आत्याची तर कधीच नाही. "गाणं शिकवायला गेली होतीस ना?" ती म्हणायची. "मग पावसात भिजलेल्या कोंबडीसारखी गप्प का परत आलीस?"

फेब्रुवारीत मोठं उधाण आलं.

दर्या किनाऱ्यावरून चालून येतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. इथे तो खालून येतो. भर दुपारी, आभाळ निळंशार असताना, जमिनीतून बुडबुडे फुटले आणि खड्ड्यांत पाणी चढायला लागलं. चिमुकल्या झऱ्यासारखं, आवाज न करता. एलिया आपल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. वाकून त्याने बोट बुडवलं, जिभेवर लावलं, आणि थुंकून टाकलं. त्याच्या आजोबांनी खणलेल्या त्या खड्ड्यात महिनाभरात पानांच्या कडा करपल्या, मग देठ लवले.

त्यानंतरच्या एका रविवारी प्रार्थनेहून परतताना एलिया म्हणाला, "ऑस्ट्रेलियात राहायला जाण्याच्या सोडतीत आपली नावं घालतो. पुढच्या बोटीने कागद पाठवतो."

"बाबा..."

"हातचा पुलाका उगवत नाही, तिथे माणसाने दुकानातला तांदूळ खात बसायचं, तर ते तिकडेच बसलेलं काय वाईट?"

"शाळेमागचे वाफे आहेत ना. त्यांत पाणी नाही चढलं."

"हौद," एलिया म्हणाला. "तिथला पुलाका पाहिलास? तिसऱ्या पानावर अडलाय. अन् त्या चौथ्या वाफ्यातला तर हळद लावल्यासारखा पिवळा पडलाय. हौदात उगवतो तो पुलाका नव्हे. उगवून दाखवू दे एकदा, मग बोल."

चौथा वाफा. गाण्याचा. लानुओला घराशी पोचल्यावर आत न जाता सरळ शाळेमागे गेली. किलिफी वाफ्याच्या कट्ट्यावर बसून नारळ सोलत होता.

"तुला एक सांगायचंय," ती एका दमात म्हणाली. "ती कृती खोटी होती. गाण्याने काही होत नाही. पिवळा पडला तो माझ्यामुळे."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कृती खोटी होती ते." त्याने नारळ तिच्यापुढे धरला. "लानु, मी नानुमांगाचा. माझे आजोबा पाहुण्यांना खोटं सांगताना मी त्यांच्या पाठीशी बसून हसू दाबायचो. पालथी पानं, उताणी पानं, सासऱ्याशी बोलू नको... सगळं ऐकलंय मी. गायला मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते तुझं स्वतःचं."

"आणि तरी तू... सगळ्या बेटासमोर... इतके महिने?"

"तू कुंपणाशी उभी राहायचीस ना," तो म्हणाला. "नुसत्या रोपासाठी असतं तर मी दुसऱ्या दिवशीच गप्प बसलो असतो."

लानुओलाने नारळ घेतला, पण प्यायची राहिली. गाल तापले होते, आणि रागावं की हसावं याचा निकाल लागत नव्हता. "म्हणजे माझीच चेष्टा चालली होती."

"दोघांची. सारखी वाटून."

मग तो वाफ्याकडे वळला आणि त्याच्या आवाजातला खेळ उतरला. "बाकीच्या तीन वाफ्यांत आजोबांची कृती घातलीय मी. नानुमांगाला चालते, इथे अडतेय. इथला पाला वेगळा, वारा वेगळा. बोट येईपर्यंत पुढचं पान फुटलं नाही, तर सभाघरातली म्हातारी मंडळी वाफे मोडायला सांगतील. चूक नाही त्यांची."

"मग मला विचार ना."

"नाही विचारणार."

"का?"

"विचारलं तर तुला खोटं बोलावं लागेल. आणि खरं सांगितलंस तर..." समोरच्या भेंडीच्या झाडावरून एक पाखरू उडालं, तो तिकडे पाहत राहिला. "खरं फक्त घरच्या माणसाला सांगतात, लानु. असं काही मी तुझ्याकडून काढून घेणार नाही."

एलियाने मुलीला काही शिकवलं नव्हतं. पण लहानपणापासून त्याची टोपली तीच उचलत आली होती. पाला नेण्याचीही इथे रीत आहे. टोपलीत खाली खरा पाला, वर दिशाभूल करणारा भलताच, आणि त्यावर चटईचा तुकडा. वाटेत भेटणारा माणूस आदराने दुसरीकडे पाहतो. झाकलेली टोपली फक्त घरच्या खड्ड्याकडे जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी बायामाणसं अंगणात असताना, लानुओला झाकलेली टोपली घेऊन निघाली. ती आपल्या खड्ड्याकडे वळली नाही. सभाघराजवळून गेली, चर्चच्या पायऱ्यांवरून गेली, दुकानाच्या ओट्याजवळून गेली, आणि मान वर ठेवून सरळ शाळेमागच्या वाफ्यांकडे चालत राहिली. आज कुणी दुसरीकडे पाहिलं नाही. झाडणाऱ्यांचे खराटे थांबले. माडावर नीरा काढायला चढलेल्या माणसाने वरूनच विचारलं, "एलियाची लानु ना ती? टोपली कुणाकडे नेतेय?" आणि खालून त्याची बायको म्हणाली, "डोळे आहेत ना तुला? मग विचारतोस काय?"

किलिफीने तिला येताना पाहिलं आणि उठून उभा राहिला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"लानु, नीट विचार केलास?"

"वाटेत केला," ती म्हणाली. "रस्ता लांब आहे. चटई धर."

दोघं चौथ्या वाफ्याशी वाकली. तिने रोपांभोवतीची माती उकरली, पाला थराथराने घातला, आणि घालताना त्याला हलक्या आवाजात एकेक सांगत गेली. काय सांगितलं ते इथे देता येत नाही. आपण घरचे नाही.

शेवटचा थर दाबत असताना वाफ्यावर सावली पडली. एलिया. मागे जरा अंतर ठेवून सेलाऊ आत्या, आणि तिच्या मागे काहीच काम नसलेलं अर्धं बेट.

लानुओलाचे हात मातीतच राहिले. किलिफी पुढे आला, "एलिया काका, मी तिला विचारलं नव्हतं..."

"तू गप्प." एलियाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो वाफ्याच्या कडेला आला, गुडघे मोडून बसला, चिमूटभर माती उचलून हुंगली.

"चुकलं," तो म्हणाला.

"बाबा, मी..."

"खालचे दोन थर उलटे घातलेस. टोपली उचलायला बरोबर न्यायचो, तेव्हा लक्ष कुठे असायचं तुझं?" आणि ज्याला तो हौद म्हणत होता त्यात त्याने कोपरापर्यंत हात घातले. पाला काढला, पुन्हा रचला, तळवा पसरून दाबला. मग तळाशी बोट खुपसून त्याने जिभेवर लावलं. "गोडं आहे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुन्हा एकदा लावून पाहिलं.

सेलाऊ आत्या मागे वळून अर्ध्या बेटाला म्हणाली, "बघताय काय? स्वतःच्या घरी पुलाका नाही का तुमच्या?" कुणी हललं नाही.

एलिया हात झटकत उठला. "हे किती दिवस टिकेल रे? दर्या आणखी चढला तर?"

"माहीत नाही काका," किलिफी म्हणाला. "आणखी चढला तर वाफे उंच करू. त्यापुढचं मलाही ठाऊक नाही."

हे उत्तर एलियाला आवडलेलं दिसलं. बेटावर कुणा पाहुण्याने खरं बोलल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. "आमच्या घरचं तुला कळलं," तो म्हणाला. "आता तुझ्या घरचं काढ. फुकट काही नाही."

किलिफीने एकदा लानुओलाकडे पाहिलं, मग वाकून एलियाच्या कानाशी लागला. एलिया ऐकत गेला, भुवया चढत गेल्या, आणि शेवटी तो इतका मोठ्याने हसला की सेलाऊ आत्याने छातीवर हात ठेवला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"हे घालतात? नानुमांगाला? आणि पुलाका मरत नाही?" डोळे पुसत तो घराकडे निघाला. जाता जाता म्हणाला, "सोडतीचं नंतर पाहू. आधी याचं पुढचं पान बघायचंय मला. आणि पोरा, तुझ्या घरून बोलणी करायला कोण येणार?"

"आजी."

"ये म्हणावं."

पुढचं पान बोट यायच्या आधी आलं. गुंडाळी उलगडली तेव्हा ते हिरवंगार होतं, आणि एलिया रोज सकाळी ते पाहायला येत होता, पण वाटेने दुसरीकडेच चाललोय असं दाखवत. उन्हं कलताना लानुओला आणि किलिफी वाफ्याच्या कट्ट्यावर बसायची, मध्ये एक नारळ ठेवून. गायची आता कुणाला गरज नव्हती, तरी गाणं होतंच.

"बाबांच्या कानात काय सांगितलंस?" लानुओलाने विचारलं.

"आजोबांची कृती."

"मला सांग."

"घराबाहेर सांगायची नसते."

"मी घराबाहेरची?"

"अजून तरी. आजी येईपर्यंत."

लानुओलाने कट्ट्यावरची माती बोटाने झटकली. तळ्यावरून वारा आला आणि नव्या पानाने मान हलवली. "आजीला बोट लागते का?"

"फार. पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत."

"तरी बोलाव."

"आजच रेडिओवरून निरोप धाडतो," तो म्हणाला. "पण लानु... रेडिओ म्हणजे सगळी बेटं ऐकतील."

लानुओलाने मधला नारळ उचलून पलीकडे ठेवला, आणि त्या रिकाम्या जागेत सरकून बसली.

"ऐकू देत," ती म्हणाली.